कॉलेज लंडनचं, रुग्णालय कोणाचं?

परदेशी विद्यापीठाची शाखा येणार म्हटलं की बातमीत बोधचिन्ह असतं, कोनशिला असते, सह्या करणारे मंत्री असतात. मेडिकल कॉलेज असेल तर मी हे सगळं बाजूला ठेवतो आणि आधी रुग्णालयाची कागदपत्रं मागतो. का, ते माल्टा देशातल्या गोझो बेटावर कळतं.

1. लंडनच्या क्वीन मेरी विद्यापीठाने आपल्या बार्ट्स मेडिकल स्कूलची शाखा 2017 मध्ये गोझोवर सुरू केली. बेटाची वस्ती जेमतेम 39 हजार. अभ्यासक्रम पाच वर्षांचा, पदवी लंडनची. प्राध्यापक, ग्रंथालय, प्रयोगशाळा हे पैसा ओतून उभं करता येतं. वरच्या वर्गांत मात्र वॉर्ड लागतो, आणि वॉर्डातला पेशंट स्थानिकच असतो.

2. तो वॉर्ड तेव्हा कोणाच्या हाती होता? माल्टा सरकारने 2015 मध्ये तीन सरकारी रुग्णालयं व्हायटल्स ग्लोबल हेल्थकेअर या कंपनीला 30 वर्षांसाठी देऊन टाकली. गोझोचं रुग्णालय त्यातलंच. बार्ट्सची इमारत बांधून देणं हेही याच कंपनीकडे. कंपनीला रुग्णालय चालवण्याचा अनुभव नव्हता! इमारत रखडली, पहिल्या तुकडीला तात्पुरत्या जागेत शिकावं लागलं. 2018 मध्ये व्हायटल्सने अंग काढून घेतलं आणि अमेरिकेतली स्टुअर्ड हेल्थ केअर आली. फेब्रुवारी 2023 मध्ये न्यायालयाने फसवणुकीचा ठपका ठेवून हा व्यवहारच रद्द केला. अपिलातही निकाल टिकला. पुढे, मे 2024 मध्ये, स्टुअर्डने अमेरिकेत दिवाळखोरीचा अर्ज केला. विद्यापीठाने गैरव्यवहार केला असं मी म्हणत नाही. पण नामांकित कॉलेज येतंय म्हटल्यावर रुग्णालयाच्या कराराकडे डोळेझाक करणं सोपं होतं, एवढं नक्की.

3. करार लोकांना वाचायला मिळाले का? संसदेत मांडलेल्या प्रतींत पानंच्या पानं काळी केलेली होती. व्यापारी गुपितं जपायची असतील तर खासगी रुग्णालय बांधावं. करदात्यांच्या खाटांवर शिकवायचं असेल तर करार अख्खा दिसला पाहिजे.

4. शाखा बंद करण्याचा निर्णय मायदेशातल्या मंडळाच्या हातात असतो. कतारच्या एज्युकेशन सिटीत कॉर्नेल विद्यापीठाचं मेडिकल कॉलेज 2001 च्या करारापासून आहे. त्याच आवारातली टेक्सस ए अँड एमची इंजिनिअरिंगची शाखा मात्र 2028 पर्यंत गुंडाळायची, असं त्यांच्या नियामक मंडळाने फेब्रुवारी 2024 मध्ये टेक्ससमध्ये बसून ठरवलं. मेडिकलचा अर्ध्यावरचा विद्यार्थी दुसऱ्या कॉलेजात सहज सामावत नाही. त्यामुळे शेवटची तुकडी पास होईपर्यंतची जबाबदारी पहिल्याच दिवशी लिहून घ्यायला हवी.

5. आपल्याकडच्या पालकांसाठी. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या 2021 च्या नियमांनुसार परदेशातला अभ्यासक्रम किमान 54 महिन्यांचा हवा, इंटर्नशिप त्याच संस्थेत हवी, आणि पदवी दिलेल्या देशात तिथल्या नागरिकाच्या बरोबरीने प्रॅक्टिस करण्याचा परवाना मिळायला हवा. शाखेत शिकलात तर हा देश कोणता, जिथे राहिलात तो की जिथलं विद्यापीठ तो? एजंट दोन्ही सांगेल, सोयीप्रमाणे. उत्तर आयोगाकडून लेखी घ्या, फी नंतर भरा.

6. नवी मुंबईत विमानतळाजवळ परदेशी विद्यापीठांच्या शाखांसाठी एज्युसिटी होऊ घातली आहे. यॉर्क, अॅबर्डीन अशा विद्यापीठांना 2025 मध्ये इरादापत्रंही मिळाली. तिथे मेडिकलचा प्रस्ताव आला, तर विद्यार्थ्यांचं क्लिनिकल पोस्टिंग कुठल्या सरकारी रुग्णालयात होणार हा प्रश्न पहिल्याच बैठकीत यावा. त्या वॉर्डात आजच सरकारी कॉलेजची मुलं एका खाटेभोवती गर्दी करून उभी असतात. नव्यांची भर पडणार असेल तर खाटा, नर्स आणि निवासी डॉक्टर किती वाढणार, आणि त्यांचा पगार कोण देणार, हे सहीच्या आधी विधिमंडळात मांडा. एकही ओळ काळी न करता.