माती तपासली, पाइप दुरुस्त केला; पण नोंद कुठाय?



आपल्या मिरज तालुक्याच्या पश्चिम अंगाला, कृष्णा-वारणेच्या काठाला, एकेकाळी नुसतं कांडं टाकलं तरी ऊस तरारून यायचा. आज कसबे डिग्रज, दुधगाव, कवठेपिरानच्या बाजूला शिवारात जागोजागी मीठ फुटलेलं दिसतं. भारी काळी माती, वर्षानुवर्षे उसाला मोकाट पाणी व ते निघून जायला वाट नाही, ही कारणे आता शेंबड्या पोरालाही पाठ आहेत. उपायही आपण करतो. माती तपासून घेतो, जिप्सम टाकतो, चर काढतो, ज्यांना झेपेल ते जमिनीखाली सच्छिद्र पाइप घालतात. पण अमक्या गटात पाइप घातल्यापासून क्षार किती उतरले, असं विचारलं की सगळे गप्प. कागद असतात हो, पण एक ट्रंकेत, दुसरा गट ऑफिसच्या कपाटात, तिसरा पाइप घालणाऱ्या ठेकेदाराकडे.

माझं म्हणणं असं की, माती तपासणी व जमीन-दुरुस्ती यांच्या नोंदी एकाच लांबलचक रजिस्टरात कोंबू नयेत. संगणकावर वेगवेगळे तक्ते करावेत व ते नंबराने एकमेकांना जोडावेत. आयबीएम कंपनीतल्या एडगर कॉड यांनी ही रीत 1970 साली मांडली. संगणकवाले तिला रिलेशनल डेटाबेस म्हणतात.

एवढं ऐकून जुन्या सभासदांनी अंग चोरायचं कारण नाही. तलाठ्याचं दप्तर आठवा. सात-बारा गटाचा, आठ-अ खातेदाराचा, फेरफार सहा नंबरच्या नमुन्यात. सात-बाऱ्यावर फेरफाराचा नुसता नंबर. सगळी हकीकत फेरफाराच्या वहीत. आणि जुन्या नावाला कंस होतो, ते खरवडून काढत नाहीत. हे ज्याला समजतं त्याला कॉडसाहेबही समजले असं मी धरून चालतो.

पहिला तक्ता जमिनीचा. प्रत्येक तुकड्याला कारखान्याचा कायमचा नंबर द्यावा. नुसत्या गट नंबरावर भागणार नाही. तोच नंबर शेजारच्या गावातही असतो, आणि भावा-भावांत वाटणी झाली की पोटहिस्से पडतात. ऊस नोंदीचा नंबर तर हंगामापुरता.

दुसरा तक्ता नमुन्याचा: कोणत्या तुकड्यातला, कोणत्या तारखेचा, किती खोलीवरचा. उन्हाळ्यात पाणी उडून जातं तसे क्षार वर येतात, दमदार पाऊस झाला की खाली धुपतात. मे महिन्यातला नमुना व दिवाळीचा नमुना शेजारी ठेवून जमीन सुधारली म्हणणं म्हणजे स्वतःचीच फसवणूक.

निष्कर्षाचा तक्ता मात्र वेगळा हवा, आणि इथेच बहुतेक ठिकाणी घोळ होतो. सामूचा एक रकाना, क्षारतेचा एक, कर्बाचा एक, अशी आडवी मांडणी केली की फसलो. 2015 साली आलेल्या मृदा आरोग्य पत्रिकेत बारा घटक आहेत; जुन्या कागदांवर त्यातले मोजकेच. मग रिकाम्या रकान्यात कुणीतरी शून्य भरतो. न तपासलेलं म्हणजे शून्य नव्हे. म्हणून एका तपासणीला एक ओळ: नमुन्याचा नंबर, घटक, आकडा, एकक व पद्धत.

पद्धतीवर मी अडून बसतो त्याला कारण आहे. 4 डेसीसायमनच्या वर गेली की जमीन क्षारयुक्त, ही नेहमीची हद्द मातीचा संपृक्त लगदा करून काढलेल्या अर्काची आहे. पुष्कळ प्रयोगशाळा मात्र एक भाग माती व दोन-अडीच भाग पाणी कालवून मोजतात. त्याच मातीचा आकडा मग निम्म्याहूनही खाली येऊ शकतो. गेल्या खेपेला एका रीतीने व यंदा दुसऱ्या रीतीने तपासलं, तर पाइप न घालताच जमीन सुधारल्याचं कागद सांगेल! तसंच नुसते क्षार असतील तर निचरा व चांगलं पाणी पुरतं; सामू साडेआठच्या वर व सोडियम 15 टक्क्यांच्या पुढे असेल, तर जिप्समवाचून नुसत्या निचऱ्याने भागत नाही. चुकीच्या ओळीवर भरवसा ठेवला की पैसा मातीत.

आता दुरुस्ती. एका मुख्य पाइपला आठ-दहा जणांची शेतं जोडलेली, आणि पाइपचं तोंड ओढ्यात. तोंडाशी गाळ बसला, मुळ्या शिरल्या किंवा ट्रॅक्टरने चेंबर मोडला, की पाणी वरच्या सगळ्यांच्या शेतात तुंबतं. मग दुरुस्ती लिहायची कुणाच्या नावावर? दहाही जणांच्या पानावर लिहिली तर एकच खर्च दहादा दिसणार. एकाच्याच पानावर लिहिली तर बाकीच्यांना पत्ता नाही, आणि वर्गणी काढायची वेळ आली की भांडण. यासाठी पाइपचा स्वतःचा तक्ता हवा, दुरुस्ती त्या पाइपच्या नंबरावर पडावी, व कोणता पाइप कोणत्या तुकड्यांना लागतो हे सांगणारा एक जोडतक्ता असावा. मग दुरुस्तीच्या तारखेआधीचा शेवटचा नमुना व नंतरचा पहिला नमुना तुकड्यागणिक काढता येतो. ऋतू, खोली व पद्धत जुळत असेल तर गुण आला का नाही, ते दिसतं.

कुणी म्हणेल, एवढा व्याप कशाला, एक्सेलचं एक पान पुरे. पुरेल, पण पहिल्या हंगामापुरतं. पुढे एकाच सभासदाचं नाव तीन तऱ्हांनी लिहिलं जातं, खातं मुलाच्या नावावर होतं, आणि दहा ठिकाणांपैकी सात ठिकाणीच बदल होतो.

पूर्व भागाने हे विशेष ध्यानात घ्यावं. आरग-बेडगच्या बाजूला म्हैसाळ योजनेचं पाणी आलं, उसाला जोर आला. तिथे पहिला नमुना मीठ फुटायच्या आधीचा हवा, नाहीतर पुढे तुलना करणार कशाशी?

याकामी सभासदांनी जुने परीक्षणाचे कागद व पाइपचे नकाशे गट ऑफिसात दाखवावेत. कागदावर महिना किंवा खोली नसेल, तर पक्कं आठवतं तेवढंच पेन्सिलीने लिहावं, बाकी जागा कोरी ठेवावी. आणि एका पाइपवरच्या सगळ्या शेतकऱ्यांना त्या पाइपची पूर्ण नोंद बघायला मिळेल, एवढा ठराव संचालक मंडळाने हे काम सुरू होण्याआधीच करून टाकावा.