चिखल आणि घड्याळ

मृगाच्या सरी कोसळू लागल्या की महाराष्ट्रातील बहुतेक शाळांच्या क्रीडांगणांना जणू टाळे लागते. मैदानात पाणी साचते, खेळाचा तास वर्गात भरतो आणि धावण्याचा सराव दसऱ्यापर्यंत लांबणीवर पडतो. त्याच दिवसांत गावोगावचे तरुण मात्र पहाटेच्या अंधारात डांबरी रस्त्याच्या कडेने धावताना दिसतात. त्यांना पोलिसांत किंवा सैन्यात भरती व्हायचे असते आणि मैदानातील चिखल टाळायचा असतो. सराव वाहनांच्या वाटेत करायचा आणि जेथे एकेका सेकंदाला मोल आहे ती परीक्षा मात्र ओल्या मैदानावर देण्याची पाळी यावी, असा हा उफराटा व्यवहार आहे. चिखल हा धावपटूचा चांगला शिक्षक आहे; परीक्षक म्हणून मात्र तो बेभरवशाचा आहे. हा भेद न ओळखल्याने शाळा आणि शासन या दोघांचेही धोरण चुकत आले आहे.

रानावनातून, ओढे-बांध ओलांडत धावण्याचा खेळ एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमधील शाळांत आकाराला आला. पुढे काही मुलांनी कागदाचे कपटे टाकीत पळायचे आणि बाकीच्यांनी त्या मागावर धावायचे, असा तो खेळ होता. टॉमस ह्यूज यांच्या १८५७ मधील ‘टॉम ब्राउन्स स्कूल डेज’ या कादंबरीत त्याचे वर्णन आहे. पुढे त्यालाच क्रॉस कंट्री हे नाव रूढ झाले. १९०३ मध्ये इंग्लंड, स्कॉटलंड, आयर्लंड आणि वेल्स यांची आंतरराष्ट्रीय स्पर्धा सुरू झाली व १९७३ पासून जागतिक अजिंक्यपद स्पर्धा होऊ लागली. युरोपात या शर्यतींचा हंगाम हिवाळ्यात येतो. त्यामुळे भिजलेले गवत, थंड पाऊस आणि घोट्यापर्यंतचा चिखल ही तेथील शर्यतीची नित्याची अंगे ठरली. २०१९ मध्ये डेन्मार्कमधील ऑर्हूस येथे जागतिक स्पर्धेचा मार्ग आखताना तर संयोजकांनी त्यात चिखलाचा एक टप्पा मुद्दाम ठेवला होता.

या खेळाचे खरे शहाणपण त्याच्या निकालपद्धतीत आहे. शंभर मीटर किंवा मॅरेथॉनप्रमाणे क्रॉस कंट्रीत जागतिक विक्रम नोंदवला जात नाही. कोणत्याही दोन मार्गांची माती सारखी नसते. एकाच मार्गावरची मातीही दोन दिवस सारखी राहत नाही. मग वेळेची तुलना कशाच्या आधारे करायची? म्हणून येथे क्रमांकालाच महत्त्व असते आणि संघाचा निकालही धावपटूंच्या क्रमांकांची बेरीज करून लावला जातो. सर्वांनी एकाच वेळी, एकाच चिखलातून धावावे आणि जो पुढे जाईल त्याला श्रेष्ठ मानावे, हा येथला न्याय आहे. घड्याळ हाती असूनही त्यावर निवाडा सोपवायचा नाही, हा संयम शतकभराच्या अनुभवातून आला आहे.

चिखल शिकवतो ते काय, हेही पाहिले पाहिजे. कठीण जमीन पावलाला परतीचा जोर देते. मऊ जमीन तो गिळून टाकते. वाळूत धावताना कठीण जमिनीच्या तुलनेत दीडपटीहून अधिक ऊर्जा खर्च होते, असे शरीरशास्त्रज्ञांच्या मापनात दिसले आहे. चिखलात त्यात घसरण्याची भर पडते. लांब ढांग टाकणाऱ्याची टाच निसटते, उतारावर मागे रेलणारा बसकण मारतो. त्यामुळे पावले आखूड व जलद टाकावी लागतात, नजर चार-पाच पावले पुढे ठेवावी लागते आणि वेगाचा हट्ट सोडून श्वासाचा अंदाज घेत धावावे लागते. काळ्या रानात तळव्याला मातीचे थर चिकटतात, तर कोकणात जांभ्यावरचे शेवाळ पाय ठरू देत नाही. सपाट धावपट्टीवर निजलेले घोट्याभोवतीचे बारीक स्नायू येथे जागे होतात. पडणे, उठणे आणि लय पुन्हा पकडणे हे तर कोणत्याही पुस्तकातून शिकवता येत नाही.

महाराष्ट्राला याचे दाखले दूर शोधावे लागत नाहीत. नाशिक जिल्ह्यातील सावरपाड्याच्या कविता राऊत यांनी २०१० मध्ये दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरमध्ये कांस्यपदक आणि त्याच वर्षी ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत रौप्यपदक मिळवले. माण तालुक्यातील ललिता बाबर यांनी २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये तीन हजार मीटर स्टीपलचेसची अंतिम फेरी गाठली. बीड जिल्ह्यातील अविनाश साबळे हे सैन्यात गेल्यावर प्रथम क्रॉस कंट्रीकडे वळले आणि नंतर स्टीपलचेसमध्ये आले. २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्यांनी रौप्य व २०२३ मध्ये झालेल्या हांगझू आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक जिंकले. स्टीपलचेसमधील २८ अडथळे आणि ७ पाणउड्या म्हणजे अखेर रानातील कुंपणे आणि ओढेच होत. रानातील धाव धावपट्टीवर आली ती या रूपाने. असे असताना शाळांनी वर्षाचे चार महिने मातीशी फारकत घ्यावी, यात कोणते शहाणपण आहे?

आता परीक्षेकडे वळू. महाराष्ट्रातील पोलीस शिपाई भरतीत ५० गुणांची शारीरिक चाचणी असते. पुरुषांसाठी १६०० मीटर आणि महिलांसाठी ८०० मीटर धाव असून तिला २० गुण असतात आणि ते वेळेवर ठरतात. जून २०२४ मध्ये ही चाचणी ऐन पावसाळ्याच्या तोंडावर सुरू झाली. १७ हजारांहून अधिक जागांसाठी १७ लाखांहून अधिक अर्ज आले होते. पाऊस पडेल तेथे चाचणी पुढे ढकलली जाईल, असे शासनाला तेव्हा जाहीर करावे लागले. ते योग्यच झाले. पण मूळ दोष त्याने जात नाही. उमेदवारांची संख्या एवढी असते की एका जिल्ह्याची चाचणी अनेक दिवस चालते. सोमवारी कोरड्या मैदानावर धावलेला आणि गुरुवारी रात्रभराच्या पावसानंतर त्याच मैदानावर धावलेला असे दोन उमेदवार एकाच गुणपत्रिकेत एकमेकांसमोर उभे राहतात. वेळ मोजणारे यंत्र सेकंदाचा अंशही सोडत नाही. पायाखालच्या जमिनीचा हिशेब मात्र कोणीच ठेवत नाही. ज्याची दोन वर्षांची तयारी काही सेकंदांनी मातीमोल होते, त्याला नशिबाला दोष देण्यास सांगणे हा न्याय नव्हे. घड्याळावर गुण द्यायचे असतील तर चाचणी कोरड्या ऋतूत किंवा पाण्याचा निचरा होणाऱ्या एकसारख्या पट्टीवर घेतली पाहिजे. खर्चाची सबब येथे लंगडी पडते.

पावसाळ्यात मुलांना चिखलात धाडणे धोक्याचे आहे, हा आक्षेप हसण्यावारी नेण्याजोगा नाही. जनावरांच्या मूत्राने दूषित झालेल्या पाण्यातून, पायाच्या जखमेवाटे लेप्टोस्पायरोसिसचा संसर्ग होतो. वीज, साप, तुटलेल्या तारा आणि दरडी ही संकटे खरी आहेत. मे २०२१ मध्ये चीनच्या गान्सू प्रांतातील डोंगरी शर्यतीत अचानक आलेल्या गारठ्याने, वाऱ्याने आणि पावसाने २१ धावपटूंचे प्राण घेतले. पण या सर्वांवर उपाय आहेत. मार्ग आधी पायी तपासावा, साचलेल्या डबक्यांतून आणि डोंगरकड्यांखालून तो नेऊ नये, पायाला जखम असलेल्याला उतरवू नये, ढगांचा गडगडाट होताच शर्यत थांबवावी आणि धावून आल्यावर स्वच्छ पाण्याने पाय धुण्याची सोय असावी. यासाठी लाखो रुपये लागत नाहीत. दक्ष क्रीडाशिक्षक लागतो. शिवाय या धोक्यांच्या दुसऱ्या पारड्यात पहाटेच्या अंधारात मागून भरधाव येणारी वाहने टाकली, तर कोणते पारडे जड होईल हे सांगायला नको.

चिखलाचे कौतुक करतानाही एक मर्यादा पाळावी लागेल. ज्या पाणंदीतून शेतकऱ्याची बैलगाडी रुतते आणि आजारी माणसाला खाटेवर घालून न्यावे लागते, तेथील चिखल ही विपत्ती आहे. ती पाणंद आधी खडी-मुरुमाची व्हावी. धावण्यासाठी शेताचे बांध तुडवणे किंवा नुकत्याच लावलेल्या भातात पाय घालणेही अक्षम्य आहे. धावपटूंची वाट वेगळी असावी. शाळेच्या आवारात किंवा ग्रामसभेच्या संमतीने गावच्या पडीक जागेत हजार-दीड हजार मीटरचा मातीचा फेरा आखता येईल. त्यात थोडा चढ असावा, थोडे गवत असावे आणि पाऊस पडला की चिखलही असावा. त्या फेऱ्यावर धावणाऱ्यांनी डबके चुकवण्यासाठी कडेने नवी वाट पाडू नये, नाहीतर दोन पावसाळ्यांत वाट रुंदावत जाऊन माती वाहून जाईल. मधूनच धावावे, ही शिस्तही शिक्षणाचाच भाग आहे.

श्रावणात प्रत्येक तालुक्याची एक शालेय क्रॉस कंट्री शर्यत भरवणे मुळीच अवघड नाही. तेथे शहरातला महागडे बूट घातलेला विद्यार्थी आणि पाड्यावरची अनवाणी मुलगी एकाच चिखलातून जातील. जो आधी पोहोचेल तो पहिला येईल आणि पुढच्या वर्षी विक्रम मोडला का, असे कोणी विचारणार नाही. घड्याळाने जोखण्याचे प्रसंग त्यांच्या आयुष्यात पुढे येणारच आहेत. ते आले म्हणजे निदान पायाखालची जमीन सर्वांना सारखी मिळेल, एवढी हमी शासनाने द्यावी. आणि त्या दिवसापर्यंत पाय घट्ट रोवण्याचे शिक्षण मातीकडून मिळेल, याची काळजी शाळांनी वाहावी.