सहा दिवस, नऊ ठिकाणं आणि बाबांचा गुडघा

आधीच सांगून टाकते, माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं. मराठी म्हणजे आठवड्यातून तीन तास, तेही ‘सेकंड लँग्वेज’. तेव्हा ऱ्हस्व-दीर्घ चुकलं असेल तर मराठी विभागाच्या संपादकांना धरा, मला नको. पण हा लेख इंग्रजी विभागात दिला असता तर आई-बाबांनी वाचला नसता. आणि तो त्यांच्याबद्दलच आहे.

विषय आहे ट्रिपचं प्लॅनिंग. तुम्ही म्हणाल, त्यात काय मोठंसं? आपल्या हॉस्टेलवर दर सेमिस्टरला गोव्याचा प्लॅन होतो, आणि गाडी बायपासवरच्या ढाब्यापुढे जात नाही! पण आमच्या घरचा प्लॅन खरोखरच होणार आहे. दादा अमेरिकेत फिनिक्सजवळ चँडलरला नोकरीला आहे. आई-बाबा या ऑक्टोबरात पहिल्यांदा त्याच्याकडे जातायत. पहिल्यांदा, आणि बाबांच्या शब्दांत ‘एकदाच’.

दादाने एक एक्सेल शीट पाठवली. सहा दिवस. सेडोना, ग्रँड कॅन्यनची साउथ रिम, हॉर्सशू बेंड, अँटिलोप कॅन्यन, मॉन्युमेंट व्हॅली, ब्राइस, झायन, लास वेगस, हूवर डॅम आणि परत घरी. मोजली तर नऊ ठिकाणं. मी अंतरांची बेरीज केली. दोन हजार किलोमीटरच्या वर! म्हणजे मुंबईहून दिल्लीला जायचं आणि परत फिरून जवळजवळ अर्धी वाट यायचं, तेही खाली उतरून नऊ वेळा “वा!” म्हणत. गाडीत कोण? दादा, वहिनी, चार वर्षांचा अर्णव, रक्तदाबाच्या गोळ्या घेणारी आई आणि बाबा. बाबांचा उजवा गुडघा गेली सहा वर्षं जिना उतरताना आवाज करतो.

दादाचं म्हणणं, “आम्ही मित्र मित्र चार दिवसांत करून आलो होतो.” आले असतील. चोविसाव्या वर्षी माणूस गाडीत झोपतो आणि चिप्सवर जगतो.

थर्ड इयर सिव्हिलला आम्हाला क्रिटिकल पाथ शिकवतात. ज्या कामाला उशीर झाला की सगळ्या प्रोजेक्टला उशीर होतो, त्या कामावरून वेळापत्रक ठरवायचं. फॅमिली ट्रिपचा क्रिटिकल पाथ म्हणजे बाबांचा गुडघा. हे मी दादाला फोनवर सांगितलं तर तो हसला. मी मात्र हे अजिबात विनोदाने म्हणत नाहीये. सगळ्यांत हळू चालणाऱ्या माणसावरून प्लॅन सुरू करायचा, आणि उरलेल्या वेळात जे बसेल ते बसवायचं. आपण नेमकं उलटं करतो. आधी ठिकाणं लिहितो, मग माणसं त्यात कोंबतो.

आणि हा मुलूख कोंबाकोंबी चालवून घेणारा नाही. पहिलं म्हणजे ऊन. २०२३ मध्ये फिनिक्सला ओळीने ३१ दिवस पारा ४३ अंशांच्या वर गेला होता. त्यामुळे मे-जून बाद. आता यात माझी गंमत बघा. मला सुट्टी असते मे-जूनमध्येच. ऑक्टोबर ठरवा असं मीच सांगितलं, आणि ऑक्टोबरात माझी मिडसेम असते. म्हणजे मी जीव तोडून बनवलेल्या प्लॅनमध्ये मीच नाही! वाईट वाटलं का? वाटलं. दोन दिवस मेसमध्ये कुणाशी धड बोलले नाही. असो.

दुसरं म्हणजे अंतरं. दादाच्या पहिल्या शीटमध्ये ‘नॉर्थ रिम – २ तास’ असंही होतं, कारण ती समोरच दिसते. दिसते खरी. हवेतून जेमतेम १६ किलोमीटर. पण मध्ये दरी आहे साहेब! रस्त्याने जायचं तर सुमारे ३४५ किलोमीटर. शिवाय जुलै २०२५ च्या वणव्यात तिथलं जुनं लॉज जळून गेलंय. ती ओळ त्याने मुकाट्याने खोडली.

तिसरं म्हणजे घड्याळ. ॲरिझोना उन्हाळ्यात घड्याळं पुढे करत नाही. शेजारचं युटा करतं. आणि ॲरिझोनातच असलेलं नव्हाहो लोकांचं राष्ट्र, तेही करतं. अँटिलोप कॅन्यन नव्हाहोंच्या जमिनीत आहे, त्यांचा गाइड घेतल्याशिवाय आत सोडत नाहीत, आणि त्या टूर बहुतेक ॲरिझोनाच्या वेळेवर चालतात. मोबाइल मात्र टॉवर बदलला की तासभर पुढे उडी मारतो. म्हणून बुकिंग करताना “कुणाच्या घड्याळाने?” हे विचारून घ्यायचं. शीटमध्ये मी हे लाल अक्षरात टाकलंय.

आणि पाऊस. वाळवंटात कसला पाऊस, असं आई म्हणाली. पण १२ ऑगस्ट १९९७ ला याच अँटिलोप कॅन्यनच्या खालच्या भागात अकरा जण पुरात वाहून गेले. पाऊस तिथे नव्हताच, तो कित्येक मैल वरच्या अंगाला झाला होता. तिकडेही जून ते सप्टेंबरच्या पावसाला मान्सूनच म्हणतात. ऑक्टोबर निवडण्याचं हे दुसरं कारण. म्हणून त्या सकाळी हवामान बघायचं, आणि गाइड नाही म्हणाला तर निमूट परत फिरायचं. यासाठी प्लॅनमध्ये सैलपणा लागतो. दादाच्या शीटमध्ये सैल होता फक्त आईचा चहा, तो कुठेच लिहिला नव्हता.

आता ग्रँड कॅन्यन. दादाचा हिशोब साडेतीन तास. माझा हिशोब दोन रात्री. सिंहगडावर आपण आधी चढतो, दमलो तर अर्ध्यातून परत फिरतो. इथे उलटं आहे. आधी उतार लागतो, पाय आपोआप पळतात, आणि आपण किती दमलोय ते खाली गेल्यावर कळतं. त्यामुळे बाबा दरीत उतरणार नाहीत, एवढं पक्कं. पण काठाकाठाने सपाट फरसबंद वाट आहे आणि फुकट शटल बस आहे. त्याच वाटेवर ‘ट्रेल ऑफ टाइम’ म्हणून एक पट्टा आहे. एक मीटर चाललं की दहा लाख वर्षं. आपल्या सह्याद्रीचा काळा दगड साधारण साडेसहा कोटी वर्षांचा, म्हणजे तिथे पासष्ट-सहासष्ट मीटरांत संपला! दरीच्या तळाशी आहे तो खडक पावणेदोनशे कोटी वर्षांचा, आणि त्याचं नाव विष्णू शिस्ट. वरच्या सुळक्यांनाही विष्णू टेंपल, शिव टेंपल अशी नावं आहेत, क्लॅरन्स डटन नावाच्या भूगर्भशास्त्रज्ञाने १८८० च्या दशकात दिलेली. हे ऐकून आईने विचारलं, “मग आरती किती वाजता?” (देऊळ नाही, नुसता डोंगर आहे, हे मी तिला अजून नीट सांगितलेलं नाही.) साउथ रिम २१०० मीटर उंचीवर आहे, महाबळेश्वरापेक्षा बरीच वर. ऑक्टोबरातल्या रात्री पारा शून्याजवळ येतो, म्हणून स्वेटर फिनिक्सच्या घरी ठेवून निघायचं नाही.

पण भांडण पेटलं ते हूवर डॅमवरून. बाबा पाटबंधारे खात्यातून शाखा अभियंता म्हणून रिटायर झाले. मराठवाड्यातल्या एका मातीच्या धरणावर त्यांची अकरा वर्षं गेली. डिप्लोमाला असताना पुस्तकात हूवरचा फोटो होता, तेव्हापासून त्यांना ते धरण बघायचंय. उंची २२१ मीटर. काँक्रीट एकसंध ओतलं असतं तर थंड व्हायला सव्वाशे वर्षं लागली असती, म्हणून ठोकळ्याठोकळ्यांनी ओतलं आणि आत नळ्या घालून गार पाणी फिरवलं. हे मला प्रोफेसरांच्या आधी बाबांनी शिकवलंय, जेवणाच्या ताटात भाताचे ठोकळे करून. दादाच्या शीटमध्ये लिहिलं होतं, ‘हूवर डॅम – ४० मि. (फोटो)’. आणि वेगसला दोन रात्री!

व्हिडिओ कॉलवर बाबा काहीच बोलले नाहीत. चष्मा पुसला आणि एवढंच विचारलं, “चाळीस मिनिटांत खाली पॉवरहाऊसला जाऊन येता येतं का रे?”

दादा गप्प. मीसुद्धा. मुलाने एवढं केलंय म्हटल्यावर आणखी मागायला आपल्या आई-बापांना लाज वाटते, हे त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं.

दादाची बाजू मला कळत नाही असं नाही. तिकिटं महाग, व्हिसाची कटकट, त्याची रजा मोजकी. “परत कधी येणार ते? सगळं दाखवून टाकू,” हे तो प्रेमानेच म्हणतो. पण परत येणार नाहीत म्हणूनच तर घाई नको ना! नऊ जागी गाडीतून उतरवलेल्या बाबांना घरी आल्यावर पार्किंग लॉट आठवतील.

माझी शीट अशी आहे. साउथ रिम दोन रात्री, पेज एक, झायनजवळ एक, वेगस दोन. एक दिवस जास्त, पण गाडी चारशे-साडेचारशे किलोमीटरने कमी. वेगसचा मधला अख्खा दिवस धरणाचा. वेगसहून ते जेमतेम पाऊण तासावर आहे. लिफ्टने खाली जायचं, टर्बाइन बघायचे, वर येऊन लेक मीडच्या कडांवरचा पांढरा पट्टा बघायचा. पाणी केवढं खाली गेलंय ते त्यावरून कळतं. जुलै २०२२ मध्ये तलाव १९३० च्या दशकात भरल्यापासूनच्या नीचांकाला गेला होता. नदीचं पाणी सात राज्यांत वाटण्याचा करार १९२२ चा, आणि हिशोब धरला होता चांगल्या पावसाच्या वर्षांचा. बाबा म्हणाले, “आमच्याकडेही कालव्याचा हिशोब असाच व्हायचा.” पुढे अर्धा तास ते बोलत होते, आणि दादा ऐकत होता. खूप दिवसांनी.

मॉन्युमेंट व्हॅली आणि सेडोना गेलं. दादाने सोमवारची रजा टाकलीय. ब्राइसवरून अजून वाद चालू आहे. वहिनी त्याच्या बाजूने, अर्णव फक्त स्विमिंग पूलच्या बाजूने. आईचा एकच प्रश्न उरलाय, हॉटेलच्या खोलीत राइस कुकर लावू देतात का. ते विचारायचं काम माझ्याकडे आहे, मिडसेमच्या सबमिशनांसकट.