विषारी द्रव्यांचा हिशेब कोणी ठेवायचा?

हिंजवडीचे नाव काढले की संगणक कंपन्यांच्या काचेच्या इमारती डोळ्यांपुढे येतात. तेथे चालणाऱ्या अनेक कामांपैकी एक काम मात्र फारसे कोणाला ठाऊक नसते. एखादे इलेक्ट्रॉनिक उपकरण किंवा मोटारीचा भाग परदेशी पाठवायचा असला, म्हणजे त्यातील प्रत्येक सुटा भाग कोणत्या पदार्थांचा बनला आहे याची यादी करावी लागते. स्क्रू, तार, तारेवरचे वेष्टन, एवढेच काय, डाखाचा थेंबसुद्धा त्या यादीत येतो. आणि त्या प्रत्येकात काही ठराविक विषारी द्रव्ये किती आहेत हेही लिहावे लागते. तरुण अभियंते पडद्यासमोर बसून हजारो ओळींच्या अशा याद्या जुळवत असतात.

पण ही माहिती त्यांना मिळते कोठून? उपकरण जोडणाऱ्या कारखान्याकडून. त्याला ती मिळते सुटे भाग पुरवणाऱ्याकडून, आणि पुरवणाऱ्याला त्याच्याही मागच्या पुरवणाऱ्याकडून. असे मागे मागे जाता जाता आपण भोसरी, पिंपरी किंवा चाकण येथल्या एखाद्या लहानशा गाळ्यात पोचतो. तेथे चार-सहा कामगार स्क्रूंवर जस्ताचा मुलामा चढवत असतात. यादीतला आकडा खरा की खोटा, हे त्या गाळ्यात ठरते. माझे म्हणणे असे, की या विषयात आपण यादीकडे फार आणि गाळ्याकडे फार थोडे लक्ष देतो.

आधी ही द्रव्ये कोणती ते पाहू. युरोपीय संघाने २००३ साली केलेला आणि १ जुलै २००६ पासून लागू झालेला नियम सहा द्रव्यांविषयी होता : शिसे, पारा, कॅडमियम, षट्संयुजी क्रोमियम आणि प्लॅस्टिकने लवकर पेट घेऊ नये म्हणून त्यात मिसळली जाणारी ब्रोमीनची दोन प्रकारची संयुगे. कॅडमियमला मर्यादा ०.०१ टक्का, बाकीच्या पाचांना ०.१ टक्का. पुढे प्लॅस्टिक मऊ करणारी चार थॅलेट संयुगेही तेथे या यादीत आली आणि बहुतेक उपकरणांना ती जुलै २०१९ पासून लागू झाली.

०.१ टक्का म्हणजे किलोमागे एक ग्रॅम. पण कशाच्या किलोमागे? सगळी गंमत येथेच आहे. समजा, एका २ किलोच्या रेडिओत २ ग्रॅम जुन्या पद्धतीचा डाख आहे. त्यात ३७ टक्के शिसे, म्हणजे ०.७४ ग्रॅम. संपूर्ण रेडिओच्या वजनाशी त्याचे प्रमाण काढले तर ते ०.०३७ टक्का भरते आणि रेडिओ सहज उत्तीर्ण होतो. नियम करणाऱ्यांनी ही पळवाट आधीच बुजवली. त्यांनी म्हटले, प्रमाण काढायचे ते एकजिनसी पदार्थाचे. ज्याचे हत्यारांनी तुकडे करून, घासून, दळून आणखी वेगळे पदार्थ काढता येत नाहीत, तो एकजिनसी. डाख हा वेगळा पदार्थ, स्क्रूवरचा मुलामा वेगळा, तारेवरचे वेष्टन वेगळे. आता डाखातील शिसे ३७ टक्के ठरते, म्हणजे मर्यादेच्या ३७० पट! एका शब्दाच्या व्याख्येने केवढा फरक पडतो, हे विज्ञानाच्या विद्यार्थ्याने मुद्दाम ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

एक लहानसा भाग केवढा गोंधळ घालू शकतो याचे उदाहरण प्रसिद्ध आहे. २००१ साली, ऐन नाताळाच्या तोंडावर, नेदरलँड्सच्या अधिकाऱ्यांनी सोनी कंपनीचे सुमारे १३ लाख प्लेस्टेशन खेळसंच अडवून धरले. खेळ उत्तम, यंत्रही उत्तम. पण जोडतारांमध्ये कॅडमियम मर्यादेपेक्षा जास्त निघाले. एवढ्या मोठ्या कंपनीला आपल्या तारेत काय आहे ते माहीत नव्हते. त्यानंतर तिने आपल्या पुरवठादारांचे कारखाने तपासण्याची मोहीमच हाती घेतली. कागदावर विसंबून चालत नाही, प्रत्यक्ष कारखान्यात जावे लागते, हा धडा जपान्यांनी पैसे मोजून घेतला.

आता डाखाकडे वळू. कारखान्यात आणि दुरुस्तीच्या दुकानात याला सोल्डर म्हणतात. शिसे ३२७ अंश सेल्सिअसला वितळते, कथील २३२ अंशांना. पण ६३ भाग कथील आणि ३७ भाग शिसे यांचा मिश्रधातू केला, तर तो १८३ अंशांनाच वितळतो. दोघांहूनही लवकर! शिवाय तो तांब्यावर छान पसरतो आणि स्वस्त पडतो. म्हणून इलेक्ट्रॉनिक उद्योगाने कित्येक दशके त्याची साथ सोडली नाही. त्याच्या जागी आलेल्या एका सर्रास वापरातल्या डाखात ९६.५ टक्के कथील, ३ टक्के चांदी आणि ०.५ टक्का तांबे असते. तो वितळायला सुमारे २१७ अंश लागतात. चौतीस अंशांचा हा फरक ऐकायला किरकोळ वाटतो. पण त्यापायी भट्ट्या बदलाव्या लागल्या, फलकाचे प्लॅस्टिक बदलावे लागले, विजेचा खर्च वाढला. शुद्ध कथिलाच्या मुलाम्यातून केसाहून बारीक तंतू आपोआप उगवतात आणि दोन तारांमध्ये पूल बांधून उपकरण बंद पाडतात, हीही एक डोकेदुखी. शिसे असले की हे तंतू सहसा वाढत नाहीत. तेव्हा शिसेविरहित डाख सर्वगुणसंपन्न आहे असे कोणी सांगू लागला, तर त्यावर विश्वास ठेवू नका.

तरीही तो वापरावा असे मला का वाटते? शिसे शरीरात गेले की सहजी बाहेर पडत नाही. ते हाडांत साठते आणि लहान मुलांच्या वाढत्या मेंदूला सर्वांत जास्त इजा करते. इतके शिसे चालेल अशी कोणतीही सुरक्षित पातळी आढळलेली नाही, असे जागतिक आरोग्य संघटना म्हणते. याच कारणासाठी २००० सालापासून आपल्याकडे पेट्रोलमधून शिसे काढले गेले.

येथे एखादा चौकस विद्यार्थी विचारील : मोटारीच्या बॅटरीत कित्येक किलो शिसे असते, मग डाखाच्या गुंजभर शिशाची एवढी काळजी कशाला? प्रश्न रास्त आहे. बॅटरीतले शिसे एका डब्यात एकत्र असते. त्याला किंमत येते, त्यामुळे ते परत गोळा होते आणि पुन्हा वापरले जाते. (ते विनापरवाना भट्ट्यांत वितळवले, तर आसपासच्या वस्तीला विषबाधा होते, ही गोष्ट वेगळी आणि तितकीच गंभीर.) डाखातले शिसे मात्र कोट्यवधी उपकरणांत थेंबाथेंबाने विखुरलेले असते. उपकरण भंगारात गेले, फलक शेगडीवर तापवून त्यावरचे भाग उपटले, की ते थेंब माणसांच्या हातांवर आणि मातीत जातात. पिंपरी-चिंचवडमध्ये चिखली-कुदळवाडीला भंगाराच्या गोदामांची मोठी वस्ती होती. महापालिकेने फेब्रुवारी २०२५ मध्ये तेथील शेकडो शेडे पाडली. शेडे गेली, पण औद्योगिक पट्ट्यातून भंगार निघायचे काही थांबले नाही.

तांब्या-पितळेच्या भांड्यांना कल्हई करणारा कल्हईवाला तुमच्या आजीला चांगला आठवत असेल. कल्हई कथिलाची असते. त्या कथिलात कोणी स्वस्त शिसे मिसळले, तर भांडे तेवढेच लख्ख दिसे आणि विष मात्र आमटीत उतरे. डोळ्यांनी ओळखायची सोय नाही. डाखाच्या कारखान्यातही तीच अडचण आहे. मोठ्या यंत्रात वितळलेल्या डाखाचे कुंड असते आणि त्याच्या लाटेवरून फलक सरकत जातात. समजा, कुंडात ४०० किलो शिसेविरहित डाख आहे. ०.१ टक्क्याच्या हिशेबाने त्यात ४०० ग्रॅम शिसे चालते. रात्रपाळीच्या कामगाराने कुंड भरताना चुकून जुन्या डाखाची एक किलोची एकच कांडी टाकली, की ३७० ग्रॅम शिसे आत गेले! मूळच्या डाखात थोडेफार असतेच. म्हणजे मर्यादा जवळजवळ ओलांडली. आणि दोन्ही कांड्या दिसायला सारख्याच पांढुरक्या. दुसऱ्या दिवशी हिंजवडीतल्या संगणकावर त्या फलकापुढे ‘शिसेविरहित’ असाच शेरा राहणार. संगणक खोटे बोलत नाही. त्याला कोणी सांगितलेच नाही.

मुलाम्याची गोष्ट याहून नाजूक आहे. जुन्या स्कूटरचे किंवा यंत्राचे स्क्रू निरखून पाहा. काहींवर पिवळसर, इंद्रधनुषी झाक दिसेल. जस्ताचा मुलामा गंजू नये म्हणून तो षट्संयुजी क्रोमियमच्या द्रावणात बुडवीत, त्याची ती झाक. हे क्रोमियम कर्करोगकारक आहे, आणि त्याची वाफ व तुषार प्रथम कोणाच्या नाकात जातात? स्क्रू वापरणाऱ्याच्या नव्हे, टाकीशेजारी उभ्या असलेल्या कामगाराच्या. त्याऐवजी त्रिसंयुजी क्रोमियम वापरता येते आणि ते पुष्कळच कमी घातक असते. बहुधा त्याचा रंग निळसर पांढरा येतो; पण रंग घालून तेही पिवळे करता येते, म्हणून नुसत्या झाकेवरून निदान करू नये. कारखान्यात पिस्तुलासारखे एक उपकरण मिळते. त्यातून क्ष-किरण सोडले की वस्तूतील मूलद्रव्ये आपापले ठराविक क्ष-किरण परत फेकतात, आणि शिसे, पारा, कॅडमियम क्षणात ओळखता येतात. मात्र क्रोमियम आहे एवढेच ते सांगते. त्याची संयुजा तीन की सहा हे सांगत नाही. त्यासाठी डायफिनिल कार्बाझाइडची रासायनिक कसोटी करावी लागते, द्रावण जांभळट गुलाबी झाले की षट्संयुजी. संयुजा ही परीक्षेपुरती पाठ करायची गोष्ट आहे असे ज्यांना वाटते, त्यांनी हे लक्षात घ्यावे.

आपल्या देशाचा कायदा काय म्हणतो? ई-कचऱ्याचे नियम २०११ साली झाले, १ मे २०१२ ला लागू झाले, आणि त्यांतील विषारी द्रव्यांची मर्यादा १ मे २०१४ पासून बंधनकारक झाली. द्रव्ये तीच सहा, मर्यादाही त्याच. पुढे २०१६ आणि २०२२ साली नियम नव्याने झाले आणि आता १ एप्रिल २०२३ पासूनचे नियम चालू आहेत. म्हणजे युरोपच्या नंतर जवळजवळ आठ वर्षांनी आपण ही मर्यादा घातली. त्या आठ वर्षांत एकाच छपराखाली युरोपसाठी शिसेविरहित आणि आपल्या बाजारासाठी शिशाचा माल बनवायला कायद्याची आडकाठी नव्हती. ही गोष्ट मला फार टोचते. शिसे काही पारपत्र पाहून शरीरात शिरत नाही.

आजही आपली भिस्त मुख्यतः उत्पादकाच्या स्वतःच्या घोषणेवर आहे. सरकार बाजारातून नमुने घेऊन तपासू शकते, आणि दोष निघाला तर माल परत घ्यावा लागतो. हे ठीकच आहे. पण तपासणी होते ती वस्तू तयार झाल्यावर, आणि चूक झालेली असते ती तीन पायऱ्या मागे. मोठी कंपनी लहान कारखानदाराकडून फक्त सही केलेला कागद मागते. तो सही करतो, कारण नाही केली तर काम जाते. बरेचदा ‘षट्संयुजी’ म्हणजे काय हे त्याला कोणी सांगितलेलेच नसते. त्याला लबाड म्हणणे सोपे आहे, परंतु मला ते अन्यायाचे वाटते. ज्या कंपनीला शुद्ध माल हवा, तिने शुद्ध मालाची किंमत द्यावी, तपासणीचा खर्च वाटून घ्यावा, आणि आपला माणूस गाळ्यात पाठवून टाकी दाखवून घ्यावी. पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-मेट या सरकारी संस्थेची अशा तपासणीची प्रयोगशाळा हैदराबादला आहे. पण भोसरीच्या छोट्या कारखानदाराला सायकलवरून नमुना नेऊन देता येईल आणि दर परवडेल, अशी सोय औद्योगिक वसाहतीतच असावी. आयटीआयच्या मुलांना डाख देणे शिकवतात, त्याच तासाला कांड्या वेगळ्या ठेवणे आणि कुंडाचा नमुना काढणे हेही शिकवावे.

आणि शिक्षकांना एक विनंती. शाळेच्या प्रयोगशाळेत डाखाच्या तारेचे रीळ असेल, त्यावरची चिठ्ठी वाचा. ‘६०/४०’ असे लिहिलेले असेल तर त्यात ४० टक्के शिसे आहे. डाख देताना जो धूर निघतो तो शिशाचा नव्हे, राळेचा असतो. तोही हुंगू नये. शिसे पोटात जाते ते बोटांवरून, म्हणून हात साबणाने धुतल्यावाचून डबा उघडू देऊ नका. पुढचे रीळ शिसेविरहित मागवा. दुकानदार म्हणेल, महाग आहे आणि लवकर वितळत नाही. दोन्ही खरे आहे. डाखणीचे टोक थोडे अधिक तापवावे लागेल, आणि मुलांचे पहिले पाच-दहा सांधे ओबडधोबड येतील.