खत आणि खतावणी

कचरा ही जगातली एकमेव वस्तू असावी, जी सर्वस्वी आपली असते आणि तरीही तिच्यावर आपण हक्क सांगत नाही. शेजाऱ्याची कुंडी चार बोटे आपल्या हद्दीत आली तर आपण वकिलाचा पत्ता शोधतो. पण आपल्याच हाताने सोललेल्या केळ्याची साल उंबरठ्याबाहेर गेली, की ती महापालिकेची! आंबा आपण खायचा, कोय सरकारची.

बँकेत वीस वर्षे नावे-जमा लिहिलेल्या माणसाला हा हिशेब पटत नाही. आमच्याकडे साधा नियम आहे. एका खात्यातून रक्कम गेली, की ती दुसऱ्या कुठल्यातरी खात्यात पडलेली असलीच पाहिजे. कॅशियरला ‘साहेब, पैसे गेले’ एवढेच सांगून घरी जाता येत नाही. कुठे गेले तेही सांगावे लागते. कचऱ्याच्या बाबतीत मात्र अख्खे शहर रोज सकाळी ‘गेला एकदाचा!’ म्हणून दार लावून घेते आणि ‘कुठे गेला हो?’ असे विचारणाऱ्याकडे संशयाने पाहते.

मध्यंतरी पुण्यातल्या आमच्या वॉर्डात, राखीव भूखंडावर, ओल्या कचऱ्याचा एक छोटा प्रकल्प होणार अशी बातमी आली आणि चोवीस तासांत वॉर्ड एक झाला. गच्चीवर पापड वाळत घालण्यावरून ज्यांच्यात सहा वर्षे अबोला होता, ती दोन कुटुंबे एका सतरंजीवर बसली. सोसायटीच्या पार्किंगमध्ये सभा झाली. व्यासपीठावर आजी, माजी आणि भावी असे तिन्ही प्रकारचे नगरसेवक होते. साध्या चौकाला नाव देण्यावरून ज्यांचे कधी जमले नाही, ते पक्ष खांद्याला खांदा लावून बसलेले पाहून मला गहिवरून आले. राष्ट्रीय एकात्मतेसाठी आपण उगीच भाषणे करतो. एक कचरा प्रकल्प जाहीर करावा, काम होते!

“आमचा प्रकल्पाला विरोध नाही, जागेला विरोध आहे!” वक्ते म्हणाले. टाळ्या.

“शेजारी शाळा आहे! चिमुकली मुलं आहेत!” आणखी टाळ्या.

फ्लॅटचे भाव पडतील, हे माइकवर कोणी बोलले नाही. ते चहाच्या वेळी, आवाज उतरवून बोलले गेले.

मी हळूच विचारले, “मग करायचा कुठं?”

“कुठंतरी बाहेर!” भावी म्हणाले. आजी-माजींनी माना डोलावल्या.

आता ‘कुठंतरी बाहेर’ हे ठिकाण मला ठाऊक आहे. ते सासवड रस्त्याला आहे. त्याला उरुळी देवाची आणि फुरसुंगी अशी दोन बरी नावेही आहेत. १९८० च्या दशकापासून पुण्याचा कचरा तिथे पडू लागला आणि डेपो पसरत पसरत १६३ एकरांचा झाला. कचऱ्यातून झिरपलेल्या काळ्या पाण्याने विहिरी नासल्या, तेव्हा महापालिकेने पिण्याच्या पाण्याचे टँकर पाठवले. म्हणजे एका गाडीने कचरा आणि दुसऱ्या गाडीने दिलगिरी. २०१७ च्या एप्रिलमध्ये डेपोला आग लागली आणि गावकऱ्यांनी जवळजवळ तीन आठवडे कचऱ्याच्या गाड्या अडवल्या. शहरात चौकाचौकांत ढीग साचले. तेव्हा आपल्याकडे काय बोलले गेले? तर ‘गावकऱ्यांनी शहराला वेठीस धरलं’! अहो, तेही ‘इथे नको’ एवढेच म्हणत होते. फरक इतकाच, की त्यांनी ते तीसेक वर्षे वास घेतल्यावर म्हटले आणि आमच्या वॉर्डाने नारळ फुटायच्या आधीच. त्याच वर्षी ती गावे महापालिकेत दत्तक घेतली गेली आणि २०२४ मध्ये वेगळी नगरपरिषद देऊन त्यांचे बिऱ्हाड पुन्हा वेगळे थाटून दिले गेले. अशी माया आमच्या लेजरमध्येसुद्धा पाहायला मिळत नाही.

बँकेत ‘सस्पेन्स अकाउंट’ नावाचा प्रकार असतो. जी रक्कम कुठे घालावी ते कळत नाही, ती तात्पुरती तिथे टाकायची. तात्पुरती! ऑडिटर आला की तो आधी तेच पान उघडतो. कारण शाखेचा खरा कारभार काउंटरवर नव्हे, सस्पेन्सच्या पानावर दिसतो. फुरसुंगी हे पुण्याचे सस्पेन्स अकाउंट झाले. तात्पुरते टाकलेले तिथे पिढीभर राहिले.

तुम्ही म्हणाल, पण शाळेचे काय? शाळेची काळजी मलाही आहे. म्हणूनच मुंबईकडे बोट दाखवतो. देवनारला १९२७ सालापासून कचरा टाकत आणला. जानेवारी २०१६ मध्ये त्या डोंगराला आग लागली आणि धुरामुळे महापालिकेला त्या भागातल्या सत्तरावर शाळा बंद ठेवाव्या लागल्या. त्या शाळांतली मुलेही चिमुकलीच होती. पण त्यांच्या आईबापांना सभा घ्यायला पार्किंग नव्हते.

हे डोंगर पेटतात कशाने, तर ओला कचरा सुक्याखाली दडपला, की हवा न मिळाल्याने कुजून त्याचा मिथेन वायू होतो. तोच कचरा वेगळा काढून बंद टाकीत कुजवला, की तोच वायू कामाला येतो आणि खाली उरते ते खत. म्हणजे वॉर्डातला नीट चालवलेला प्रकल्प नको म्हणणे, याचा अर्थ दुसऱ्याच्या शाळेशेजारी डोंगर हवा म्हणणे. मधला मार्ग नाही. तिसरे खाते मी पुष्कळ शोधले, सापडले नाही.

‘नीट चालवलेला’ हे दोन शब्द मात्र मी अधोरेखित करतो. लोकांचे भय खोटे नाही. पुण्यात ठिकठिकाणी पाच-पाच टनांचे बायोगॅस प्रकल्प बसवले गेले आणि त्यांतले कितीतरी बंद पडले. उद्घाटनाची फीत कापायला माणूस मिळतो, पंप दुरुस्त करायला मिळत नाही. दुर्गंधी येते ती अशा कारभाराची.

पण त्यावर उपाय विरोध हा नसून तपासणी हा आहे. बाणेरला सूस रस्त्यावर असाच ओल्या कचऱ्याचा प्रकल्प आहे. जागा आधीपासून त्यासाठीच राखलेली, इमारती मागून आलेल्या. २०२० मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने तो हलवायला सांगितले. सप्टेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला. तो बंद केला तर पश्चिम पुण्याचा ओला कचरा सगळे शहर ओलांडून पूर्वेला हडपसरकडे न्यावा लागेल, मग वास फक्त बाणेरला न राहता वाटेवर सगळ्यांना वाटला जाईल, हा त्यातला साधा हिशेब. पण न्यायालयाने महापालिकेलाही मोकळे सोडले नाही. दाट झाडी लावा आणि वर्षातून दोनदा ‘नीरी’कडून पर्यावरणाचे ऑडिट करून घ्या, असे बजावले. ऑडिट हा शब्द वाचून मला कोण आनंद झाला म्हणून सांगू!

तेव्हा आजी, माजी आणि भावी मंडळींनो, मोर्चा जरूर काढा. पण फलकावर ‘नको’ लिहिण्याऐवजी ‘दाखवा’ लिहा. बंद शेड दाखवा. काळ्या पाण्याची टाकी दाखवा. सहा महिन्यांचे ऑडिट फाटकावर लावा. वास आला तर कोणाला फोन करायचा, ते नाव लिहा. यातले एकही काम भाषण देऊन होत नाही, पाच वर्षे पाठपुरावा करावा लागतो. म्हणून तर ते कोणी मागत नाही. ‘नको’ म्हणायला दहा मिनिटे आणि एक माइक पुरतो.

आणि सभेला आलेल्या माझ्या शेजाऱ्यांनो, थोडे आपल्या डब्याचेही ऑडिट होऊ द्या. आमच्या इमारतीतला कचरा न्यायला येणाऱ्या मावशींना मी प्रकल्पाबद्दल विचारले. त्या म्हणाल्या, “दादा, वास काय मशीनचा येतो होय? भाजीच्या देठात औषधाच्या बाटल्या नि दाढीचं पातं टाकत्यात, ते मला हातानं काढावं लागतं. मिसळलं की घाण, निराळं ठेवलं की माल.” ओला, सुका आणि घातक कचरा घरातच वेगळा करा, असे २०१६ च्या नियमांनी सांगितले. मावशींनी ते एका वाक्यात सांगितले, आणि तेही फुकट.

खत आणि खतावणी हे शब्द आपल्या भाषेत सख्ख्या शेजाऱ्यांसारखे नांदतात. कचरा आपल्या वॉर्डात जिरवला, तर त्याचे खत होते. बाहेर ढकलला, तर तो खतावणीत कोणाच्या तरी नावे पडतो. आणि ज्याच्या नावे पडतो, तो आपल्या सभेला नसतो.