बियाणे परतले, ताटात कधी येणार?

पर्यावरण सुधारायचे म्हटले की झाडे लावणे आणि बंधारे घालणे एवढेच बहुतेकांच्या डोळ्यांसमोर येते. अहिल्यानगर जिल्ह्यातील राळेगणसिद्धी आणि हिवरे बाजार ही गावे त्यासाठी राज्यभर ठाऊक आहेत. याच जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला, राजूरच्या आसपासच्या डोंगराळ भागात आणि एकूणच अकोले तालुक्यात, लोकांनी आणखी एक काम हाती घेतले. हरवत चाललेले गावठी वाण त्यांनी पुन्हा शेतात आणले. या कामाचा संबंध थेट जेवणाच्या ताटाशी आहे आणि म्हणून आरोग्य खात्यानेही त्याकडे लक्ष द्यायला हवे.

कळसूबाई, रतनगड आणि हरिश्चंद्रगडाच्या या परिसरात प्रामुख्याने महादेव कोळी आणि ठाकर समाजाची वस्ती आहे. खाचरात भात, उतारावर नागली, वरई आणि खुरासणी, परसात आणि कुंपणावर वाल व घेवडा, अशी इथली जुनी पीकपद्धती. उतारावरच्या जमिनीत पिकांची फेरपालट व्हायची आणि मग जमीन काही काळ पडीक ठेवली जायची. वेलवर्गीय शेंगांमुळे जमिनीला नत्र मिळायचे, खुरासणीच्या पिवळ्या फुलांवर मधमाश्या यायच्या. एखादे पीक पावसाने गेले तरी दुसरे हाती लागायचे. कणगीत चार प्रकारचे धान्य असले की ताटातही चार प्रकार असायचे.

हळूहळू विकतचे बियाणे आले. संकरित वाणाचे उत्पन्न जास्त, हे खरेच आहे. पण त्याचे बी दरवर्षी नव्याने घ्यावे लागते. दुसरीकडे रेशनवर प्रामुख्याने तांदूळ आणि गहू मिळू लागला. त्याने उपासमार टळली, हे नाकारता येणार नाही. पण पोट भरणे वेगळे आणि पोषण होणे वेगळे. नागली-वरईची शेते कमी होत गेली, तसे त्यांचे वाणही घरांतून नाहीसे होऊ लागले.

हे थांबवण्यात कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांचा वाटा मोठा आहे. शाळेची पायरी न चढलेल्या राहीबाईंनी घरोघरी फिरून बी जमवले, राख लावून मडक्यात जपले, स्वतः पेरले आणि इतरांना दिले. बायफ या संस्थेने त्यांच्या अनुभवाला शास्त्रीय नोंदींची जोड दिली. कळसूबाई परिसर बियाणे संवर्धन समितीच्या रूपाने गावांचे संघटन उभे राहिले. राहीबाईंना 2020 सालची पद्मश्री मिळाली, ‘बीजमाता’ म्हणून देशाने त्यांना ओळखले.

नातवाचे आजारपण पाहून आपण या कामाकडे वळलो, विकतच्या भाजीने तो आजारी पडत होता, असे राहीबाई सांगत आल्या आहेत. इथे वैद्यकशास्त्राने थोडे सावध राहावे. संकरित बियाण्याची भाजी खाल्ली म्हणून मूल आजारी पडते, याला पुरावा नाही. कीटकनाशकांचा बेसुमार वापर हा धोका खरा आहे, पण तो वेगळा प्रश्न. आजीने काढलेले कारण तपासून घ्यावे लागेल. तिने केलेले काम मात्र योग्यच ठरते. त्याची कारणे पोषणशास्त्रात सापडतात.

शंभर ग्रॅम नागलीत सुमारे साडेतीनशे मिलिग्रॅम कॅल्शियम असते. तेवढ्याच पांढऱ्या तांदळात ते जेमतेम दहाच्या आसपास भरते. धान्यातील प्रथिनांत लायसिन हा घटक कमी पडतो; वालासारख्या कडधान्यात तो भरपूर असतो. म्हणूनच नागलीची भाकरी आणि वालाची आमटी हे जेवण गर्भवतीसाठी आणि वाढत्या मुलासाठी नुसत्या भातापेक्षा कितीतरी सकस आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार 2019-21 मध्ये महाराष्ट्रात पाच वर्षांखालील 35 टक्के मुलांची उंची वयाच्या मानाने कमी होती आणि 15 ते 49 वयाच्या 54 टक्के स्त्रियांना रक्तक्षय होता. अशा राज्यात ताटातला एकेक पदार्थ कमी होणे परवडणारे नाही.

अर्थात नागली म्हणजे औषध नव्हे. तिच्यात लोह आहे, पण फायटेटमुळे ते शरीरात फारसे शोषले जात नाही. मोड आणल्याने, आंबवल्याने आणि जेवणात लिंबू घेतल्याने ते थोडे सुधारते. तरीही रक्तक्षय असलेल्या गर्भवतीला लोहाच्या गोळ्या लागतातच. जंत, सिकलसेल यांचीही तपासणी व्हायला हवी. तीव्र कुपोषित मुलाला आधी उपचार हवेत. आंबील पाजून घरी थांबणे जिवावर बेतू शकते. विविध आहाराचे काम त्याच्या आधीचे आहे. मूल त्या अवस्थेला पोहोचू नये, यासाठी तो हवा.

आता मुद्दा पुढचा. बी मडक्यात कायमचे टिकत नाही. काही वर्षांत त्याची उगवणशक्ती जाते, म्हणून ते पुन्हा पुन्हा पेरावेच लागते. पेरणार कोण? ज्याच्या घरात ते खाल्ले जाते किंवा ज्याला त्याचा भाव मिळतो, तोच. आज गावातली वरई बाजारात जाते, तिची भगर होऊन शहराच्या उपवासाच्या ताटात पोहोचते आणि पिकवणाऱ्याच्या घरी भात शिजतो. पुरस्कारांनी कामाला मान मिळाला. पण ते टिकायचे तर गिऱ्हाईक लागेल.

हे गिऱ्हाईक सरकार होऊ शकते. आदिवासी भागात गर्भवती आणि स्तनदा मातांना अमृत आहार योजनेतून एक वेळचे ताजे जेवण दिले जाते. ते गावातच शिजते. मग त्यातली नागली आणि वाल गावातल्या बचत गटाकडून का घेऊ नये? आदिवासी विकास प्रकल्पाचे कार्यालय राजूरलाच आहे. अंगणवाड्या आणि आश्रमशाळा तिथल्या गावांत आहेत. ओडिशाने 2017 पासून भरडधान्य अभियान राबवून सरकारी खरेदीतली नाचणी रेशनवर आणि काही जिल्ह्यांत लाडवांच्या रूपाने अंगणवाडीत आणली. अकोल्याला ते अवघड का व्हावे?

मात्र दोन अटी पाळाव्या लागतील. भाव वेळेवर मिळाला पाहिजे. सहा महिन्यांनी येणाऱ्या बिलावर डोंगरातले घर चालत नाही. शिवाय नागली झोडणे, दळणे आणि वरई सडणे हे कष्ट बहुतेक बाईच्याच वाट्याला येतात. गावाजवळ सडण्याचे यंत्र आणि गिरणी नसेल, तर पोषणाच्या नावाखाली आधीच अशक्त असलेल्या बाईवर आणखी एक ओझे पडेल. परिणाम दिसतो की नाही, हे पाहण्यासाठी अंगणवाडीतल्या वजन-उंचीच्या नोंदी आणि गर्भवतींचे हिमोग्लोबिन पुरेसे आहे. त्यासाठी वेगळी यंत्रणा नको.

लोकांनी बियाणे शोधले, जपले आणि पुन्हा पेरले. त्यांच्याकडून आणखी काय अपेक्षा करायची? आता पाळी आहाराचा ठेका आणि खरेदीची यादी ठरवणाऱ्यांची आहे. त्या यादीत नागली, वरई आणि वाल यांची नावे गावाच्या नावासह आली, तर कळसूबाईच्या उतारावरची शेते पुढच्या खरिपातही हिरवी राहतील.