शंभर वॅटचा डबा

"मामा, डब्यावर शंभर वॅट लिहिलंय की!"

अमेरिकेत एडिसनला राहणाऱ्या माझ्या भाच्याची ही तक्रार. त्याने हौसेने मॅग्नेपॅनचे एमएमजी स्पीकर आणले, वापरलेले पण निरोगी. टीव्हीसाठी घेतलेल्या सात चॅनेलच्या नव्याकोऱ्या रिसीव्हरला ते जोडले आणि भीमसेनांची मैफल लावली. विलंबित निभावलं. द्रुतात तबला रंगात आला आणि ऐन समेवर रिसीव्हर खट्कन बंद पडला. चिरंजीवांनी निकाल दिला, स्पीकर खराब. मित्रमंडळींनी त्यावर शिक्कामोर्तब केलं: "जुना माल घेतलास ना, भोग आता."

स्पीकर अगदी ठणठणीत होते. खोट होती ती डब्यावरच्या आकड्यात.

आकड्यांनी फसण्याचं वय आमच्या पिढीने कधीच पार केलंय. टू-इन-वनवर '1000 वॅट पीएमपीओ' असा चकचकीत स्टिकर असायचा आणि आवाज गल्लीच्या टोकालाही पोचायचा नाही. अमेरिकेतही असल्या आकड्यांचा सुळसुळाट झाला, तेव्हा तिथल्या व्यापार आयोगाने 1974 मध्ये वॅट कसे मोजायचे याचा नियम केला. पुढे सात चॅनेलची यंत्रं आली आणि मोजताना सगळे चॅनेल एकदम चालवायचे की दोनच, हा प्रश्न वर्षानुवर्षं लोंबकळत राहिला. भाच्याच्या डब्यावरचे शंभर वॅट होते दोनच चॅनेल चालवून, 8 ओहमच्या भारावर मोजलेले.

एमएमजी 4 ओहमचे आहेत. संवेदनशीलता 86 डेसिबल, पण ती 2.83 व्होल्टला. एवढ्या व्होल्टला 8 ओहमचा स्पीकर 1 वॅट घेतो, 4 ओहमचा 2 वॅट. म्हणजे खरा हिशेब वॅटमागे 83 डेसिबलचा. शेजाऱ्याकडे वॅटमागे 93 डेसिबलचे स्पीकर असतील, तर त्याचं जिथे 10 वॅटमध्ये भागतं तिथे याला 100 लागतात. 10 डेसिबलचा फरक म्हणजे दहापट वॅट, यात घासाघीस चालत नाही. शिवाय ओहम निम्मे झाले की तेवढ्याच व्होल्टला दुप्पट करंट पुरवावा लागतो. तो येतो ट्रान्सफॉर्मर आणि कपॅसिटरमधून, स्टिकरमधून नाही. रिसीव्हरच्या मागे '4 ओहम' असं एक बटण होतं. भाच्याला वाटलं, हाच उपाय. अशी बटणं बहुधा आतला व्होल्टेज उतरवतात, म्हणजे तहानलेल्याच्या हातातला पेलाच लहान करतात.

खरा उपाय म्हणजे वेगळा, दमदार अ‍ॅम्प्लिफायर. त्यावरचा आक्षेप जुनाच: मोठा अ‍ॅम्प्लिफायर लावला की स्पीकर फाटतात. मोठ्याने स्पीकर जाळता येतो, नाही असं नाही. पण आवाजाचं बटण आपल्याच हातात असतं. लहान अ‍ॅम्प्लिफायर कुवतीबाहेर ताणला की लाटेचे शेंडे छाटले जातात आणि गाण्यात मुळात नसलेली कर्कश ऊर्जा बिचाऱ्या ट्वीटरच्या माथी बसते. स्पीकरवर '100 वॅट' लिहिलंय म्हणून अ‍ॅम्प्लिफायर 100 च्या आतलाच घ्यायचा, हे शहाणपण कुणी पसरवलं देव जाणे.

उरला 'जुनं म्हणजे भंगार' हा आक्षेप. यात थोडं तथ्य आहे. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर वयानुसार सुकतात, बटणं खरखरतात. पण अ‍ॅम्प्लिफायरमध्ये महाग काय असतं? ट्रान्सफॉर्मर, हीट सिंक आणि जाड पत्र्याची पेटी. त्यांना म्हातारपण सहसा बाधत नाही. नवीन घेताना याच लोखंड-तांब्या-अ‍ॅल्युमिनियमचे पैसे मोजावे लागतात. जुन्यात ते जवळजवळ फुकट पडतात. म्हणूनच हात आखडता असेल आणि स्पीकर खादाड असतील, तर मी जुन्याच्याच बाजूने आहे.

मात्र जुना म्हणजे कोणताही जुना नव्हे. 1976 चा क्वाड 405 नावाजलेला, 8 ओहमला 100 वॅट देणारा. पण पहिल्या आवृत्तीत करंटला लगाम घातलेला, तेव्हा एमएमजीशी त्याचं लग्न मी जुळवणार नाही. आम्ही शोधला अ‍ॅडकॉमचा जीएफए-555. नेल्सन पास यांनी आखलेला, 1980 च्या दशकातला, 8 ओहमला 200 वॅट आणि 4 ओहमला 325. ही दुसरी संख्या पहिलीच्या जितकी दुपटीजवळ, तितका पुरवठा दमदार. कंपनी तेव्हा ईस्ट ब्रन्सविकची होती, म्हणजे एडिसनच्या शेजारची. जणू माहेरचाच माल.

विकणाऱ्याच्या तळघरात आम्ही तो अर्धा तास चालू ठेवला. मग स्पीकर न जोडता, गाणं बंद ठेवून, मल्टिमीटर मिलिव्होल्ट डीसीवर ठेवला आणि स्पीकरच्या लाल-काळ्या टोकांना लावला. डावीकडे 12, उजवीकडे 17. स्पीकरकडे गळणारा हा डीसी पन्नासच्या वर गेला असता तर मी भाव पाडला असता. व्होल्टात गेला असता तर जिना चढून बाहेर आलो असतो. हीट सिंकला हात लावला, दोन्ही बाजू सारख्याच कोमट. रिसीव्हरच्या निम्म्याहून कमी किमतीत सौदा झाला. रिसीव्हरच्या प्री-आउटमधून तारा काढून अ‍ॅडकॉमला दिल्या. द्रुतातली तिहाई आता समेवर येते आणि गाणं पुढे जातं.

असलं धूड भारतात न्यायचा मोह झाला तर आधी आतला ट्रान्सफॉर्मर 230 व्होल्टला जोडता येतो का ते पाहा. 120 व्होल्टचं यंत्र पुण्यातल्या सॉकेटला थेट लावलं तर जळण्याचीच खात्री. आणि जुना घ्यायला कुठेही जा, मल्टिमीटर खिशात असू द्या. विकणारा तो लावू देत नसेल, तर चहा पिऊन परत या.